अंगावरचं तोडल्यावर

रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर मूल दीड-दोन वर्षांचं झालं, की एक दिवस घरात ठरतं, आता अंगावरचं तोडायचं. मग कडुनिंबाचा नाहीतर कोरफडीचा कडू लेप छातीला लागतो. मूल तोंड वाकडं करतं, दोन रात्री रडतं, आजीजवळ झोपतं आणि चार दिवसांत पेजेवर नाहीतर दूधभातावर येतं. आईची छाती गच्च होते, ठणकते. कुणी शेक घ्यायला सांगतं, कुणी घट्ट बांधायला. आठवड्याभरात दूध आटतं आणि घरच्यांच्या लेखी विषय संपतो.

स्तनाच्या आत तो तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. दूध तयार करण्यासाठी गरोदरपणात उभ्या राहिलेल्या पेशींपैकी बहुतेक आता मरतात. उंदरांमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर मोजलं गेलं आहे. निरोगी अवयवात, कुठल्याही आजाराविना, एवढी मोठी मोडतोड क्वचितच होते. गरोदरपण आणि स्तनाचा कर्करोग यांच्या नात्यातला सगळ्यात नाजूक काळ हाच असावा, असं गेल्या वीस-पंचवीस वर्षांचं संशोधन सांगतं.

गरोदरपणाच्या आसपास होणारा हा कर्करोग दुर्मीळ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण साधारण ३,००० गरोदरपणांमागे एक असं धरलं जातं. महाड-पोलादपूरच्या एखाद्या आशाताईला उभ्या कारकिर्दीत अशी एकही बाई भेटणार नाही, असंही होईल. पण भेटलीच तर ती तरुण असते, कडेवर तान्हं मूल असतं आणि छातीतली गाठ ‘दुधाची असेल’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढलेली असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा रुग्णांची वेगळी नोंद ठेवली जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात शंभरावर स्त्रिया होत्या आणि त्यांचं मध्यक वय होतं ३१.

हार्मोन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध शोधणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये एक मराठी बाई होती. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि मग मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली संशोधन. १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. उंदरांच्या ज्या जातींत स्तनाचा कर्करोग जास्त होतो आणि ज्यांत कमी होतो, त्यांच्या निरोगी स्तनग्रंथींतच काही फरक दिसतो का, हे त्या पाहत होत्या. म्हणजे गाठ दिसण्याआधीची जमीन तपासत होत्या. आजचं संशोधन फिरून याच प्रश्नापाशी आलं आहे. पुढे परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्या काळी उंदरांनी संशोधकांना चक्रावून सोडलं होतं. जॉन बिट्नर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवलं, की कर्करोग जास्त होणाऱ्या जातीची पिल्लं कमी कर्करोगाच्या माद्यांना पाजायला दिली तर त्यांचा धोका उतरतो. दुधातून विषाणू जात होता. (माणसात असं होत नाही. आईच्या कर्करोगामुळे दूध पिणाऱ्या बाळाला स्तनाचा कर्करोग होतो, ही भीती निराधार आहे. गावोगावी ती ऐकू येते म्हणून हा कंस.) त्या विषाणूची खोड अशी, की तो स्तनग्रंथीत गप्प पडून राहायचा आणि मादी गाभण राहिली की तिच्या हार्मोननी जागा व्हायचा. काही उंदरांच्या गाठी तर गरोदरपणात वाढायच्या आणि पिल्लं झाली की विरायच्या. लेस्ली फोल्ड्स यांनी १९४९ मध्ये त्याची सविस्तर नोंद केली. १९८२ मध्ये रूल नुसा आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी हा विषाणू नेमक्या कोणत्या जनुकाशेजारी घुसून ते पेटवतो, हे शोधलं. पुढे त्याला ‘विंट-१’ म्हणू लागले. गंमत अशी, की याच कुळातलं ‘विंट-४’ हे जनुक निरोगी गरोदर स्त्रीच्या स्तनातही काम करत असतं. कर्करोगाने नवीन यंत्र आणलं नव्हतं. घरातलंच वापरलं होतं.

ते यंत्र चालतं असं. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी अनेक पटींनी वाढते, वारेतून स्रवणारी हार्मोन त्यात भर घालतात आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अधिक प्रोलॅक्टिन सोडू लागते. स्तनातल्या काही थोड्या पेशींत प्रोजेस्टेरॉन पकडणारा रिसेप्टर असतो. प्रोजेस्टेरॉन येऊन चिकटलं, की ही पेशी स्वतः फारशी वाढत नाही; ती शेजाऱ्यांना निरोप पाठवते. त्या निरोपांपैकी एक म्हणजे ‘रँकएल’ नावाचं प्रथिन आणि दुसरा विंट-४. शेजारच्या, अजून घडायच्या असलेल्या पेशी तो निरोप घेतात आणि भराभर दुभंगू लागतात. २०१० मध्ये दोन संशोधक गटांनी एकाच वेळी दाखवलं, की उंदरांत रँकएलचा निरोप अडवला तर प्रोजेस्टेरॉनने होणारे स्तनाचे कर्करोग कमी होतात किंवा लांबतात. ज्या स्त्रियांना बीआरसीए-१ हे जनुक बिघडलेलं वारशाने मिळालेलं असतं, त्यांच्या स्तनात हा निरोप घेणाऱ्या पेशी धोक्याच्या असतात, कारण डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याची त्यांची ताकद मुळातच कमी. दुभंगण्याचा वेग वाढला, दुरुस्ती मात्र तोकडी पडली, की चुका साठत जातात.

रिसेप्टर अडवला की काय चमत्कार होतो, हे महाडने जवळून पाहिलं आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या चेतातंतूंमधून ॲड्रिनलिनच्या कुळातल्या रसायनांचा पूर उठतो, रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर पेटतात आणि बघता बघता फुफ्फुसात पाणी होतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आलेले आणि पुढे महाडचेच झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे रुग्ण जवळून पाहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी विंचूदंशाची हृदयावरची लक्षणं मांडली, आणि १९८६ मध्ये प्राझोसिन ही अल्फा रिसेप्टर अडवणारी साधी गोळी त्यावर चालते, हे त्याच नियतकालिकात दाखवलं. कोकणातल्या विंचूदंशाच्या मृत्यूंचं प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरलं. रेणूंची भाषा परदेशी प्रयोगशाळांचीच असते, असं ज्याला वाटतं त्याने महाडला एकदा चक्कर मारावी.

स्तनाच्या कर्करोगातही रिसेप्टर अडवणारी औषधं आहेत. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनची जागा अडवतं, ट्रास्टुझुमॅब हर-२ या रिसेप्टरला धरतं. पण गरोदर बाईला यातलं एकही देता येत नाही. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. ट्रास्टुझुमॅबने गर्भाभोवतीचं पाणी आटतं, कारण गर्भाच्या वाढत्या मूत्रपिंडालाही हर-२ लागतो आणि ते पाणी म्हणजे बहुतांशी गर्भाचीच लघवी. आणखी अडचण अशी, की तरुण, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकार जास्त दिसतो. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ यांपैकी अडवायला पेशीपाशी काहीच नसतं. टाटाच्या नोंदीतही या प्रकाराचा वाटा मोठा होता.

गर्भ वाढतो तोवर दूध अडवून धरण्याचं काम प्रोजेस्टेरॉन करतं. प्रसूतीत वार पडली की त्याची पातळी धाडकन उतरते, प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं आणि दोन-तीन दिवसांत दूध भरतं. प्रोलॅक्टिन पेशीत ‘स्टॅट-५’ नावाचं प्रथिन जागं करतं. ते केंद्रकात जाऊन दुधाच्या प्रथिनांची जनुकं चालू करतं आणि पेशींना जगवतंही. बाळ पीत आहे तोवर हे चालतं.

मग अंगावरचं तुटतं. साचलेल्या दुधाच्या दाबाने पेशी ‘स्टॅट-३’ हा दुसरा, उलट्या कामाचा भाऊ जागा करतात. पेशीच्या पोटात पाचक रसांच्या पिशव्या असतात. स्टॅट-३ त्या गळक्या करतो आणि पेशी आतून पचून जाते. उंदरांमध्ये पहिले दोन दिवस हे परतवता येतं. पिल्लं पुन्हा आईला लावली, की ग्रंथी परत दूध देऊ लागते. दोन दिवसांनंतर परतीची वाट बंद. आता लग्नानंतर मांडव सोडावा तशी कामं सुरू होतात. पेशींना धरून ठेवणारी चौकट विकरं तोडतात, मेलेल्या पेशींचा ढीग उचलायला मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी गोळा होतात, कोलॅजेनचे नवे धागे विणले जातात, लसिकावाहिन्या वाढतात आणि रिकाम्या जागी चरबी परतते. जखम भरताना शरीर जे जे करतं, ते जवळपास सगळं इथे होतं, तेही जखम नसताना.

कर्करोगाची एखादी बारीकशी वस्ती आधीपासून तिथे असेल, तर तिला हीच सोय हवी असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात पेपर शेडिन आणि व्हर्जिनिया बोर्जेस यांच्या गटाने २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये याचा पुरावा मांडला. त्यांनी माणसाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तन-कर्करोगाच्या पेशी दोन प्रकारच्या उंदरांच्या ग्रंथींत टोचल्या. एक गट कधीच न व्यालेल्या माद्यांचा, दुसऱ्यातल्या माद्यांची पिल्लं नुकतीच तोडलेली. पेशी त्याच, संख्या तीच. दुसऱ्या गटातल्या गाठी मोठ्या झाल्या आणि नलिकेची भिंत फोडून बाहेर पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याभोवती कोलॅजेनचे जाड धागे दिसत होते, आणि पेशींमध्ये कॉक्स-२ हे विकर भरून होतं. कॉक्स-२ म्हणजे अंगदुखीवर घेतली जाणारी आयबुप्रोफेनची गोळी ज्याला दाबते तेच. त्या उंदरांना ग्रंथी आटण्याच्या काळातच अशी औषधं दिली, तर गाठींचा जोर ओसरला. यावरून कुणी बाळंतिणीला गोळ्या सुरू करू नयेत. हा उंदरांचा प्रयोग आहे; शिवाय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत या गोळ्या बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद करू शकतात.

त्याच मंडळींनी पुढे यकृताकडे मोर्चा वळवला. गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात उंदराच्या मादीचं यकृत मोठं होतं, पिल्लं तुटली की पुन्हा आकसतं, आणि तेव्हा तिथेही असंच वातावरण तयार होतं. २०१७ मधल्या त्यांच्या निबंधात, बाळंतपणानंतर निदान झालेल्या स्त्रियांमध्ये यकृतात पसरण्याचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं आहे.

माणसांचे आकडे काय म्हणतात? २०१३ मध्ये बेल्जियमच्या फ्रेडरिक आमाँ यांच्या गटाने गरोदरपणातच निदान झालेल्या ३११ स्त्रियांची तुलना गरोदर नसलेल्या रुग्णांशी केली. वय आणि आजाराचा टप्पा सारखा धरला, तर जगण्याच्या शक्यतेत ठळक फरक दिसला नाही. उलट बाळंतपणानंतरच्या पाचेक वर्षांत ज्यांचं निदान होतं, त्यांचा आजार दूरवर पसरण्याचा धोका जास्त असतो, असं अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं. २०१९ मध्ये १५ मोठ्या अभ्यासांतल्या सुमारे ९ लाख स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. मूल न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत मूल झालेल्यांचा धोका बाळंतपणानंतर चढतो, पाचेक वर्षांनी टोक गाठतो आणि उतरत उतरत सुमारे २४ वर्षांनी खाली जातो. प्रत्यक्षात ही वाढ लहान आहे. एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाच्या एक लाख स्त्रियांमागे ४१ जादा रुग्ण, एवढीच. आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले, हेही विसरायला नको.

म्हणजे मूल होण्याने कर्करोगापासून संरक्षण मिळतं, हे आपण शाळेपासून ऐकतो ते खोटं नाही. १९७० मध्ये ब्रायन मॅकमॅहन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या स्त्रियांवरून दाखवलंच होतं, की लवकर पहिलं मूल झालेल्यांना उतारवयात हा आजार कमी होतो. हे संरक्षण येतं ते पुष्कळ उशिरा, आधी थोडी चढण चढून. पूर्ण घडून दूध दिलेल्या ग्रंथीच्या डीएनएवर कायमच्या खुणा राहतात. दुसऱ्या खेपेला दूध लवकर उतरतं, हे कुठलीही आजी सांगेल; उंदरांच्या ग्रंथींतही स्टॅट-५ बसतो त्या जागा पहिल्या बाळंतपणानंतर मोकळ्या राहिलेल्या सापडल्या आहेत. अंगावर पाजण्याचा फायदाही पक्का आहे. तीस देशांच्या माहितीवरून २००२ मध्ये काढलेला हिशेब असा, की पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. तेव्हा घाबरून लवकर तोडण्यात काही हशील नाही.

प्रोजेस्टेरॉनची एक वेगळी बाजू रायगड जिल्ह्यातच उजेडात आली. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी १,००० स्त्रियांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी निम्म्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ मध्ये निकाल आले. सरसकट फायदा सिद्ध झाला नाही. पण ज्यांच्या काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचला होता, त्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. असं का व्हावं, हे खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने तपासलं. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर कर्करोगपेशींची सरपटण्याची आणि घुसण्याची ताकद घटत होती, आणि तीही ज्यांच्यात प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरच नाही अशा पेशींमध्येसुद्धा. २०१८ मध्ये त्यांनी एसजीके-१ आणि एनडीआरजी-१ या जनुकांची साखळी त्यामागे असल्याचं दाखवलं. नऊ महिने पेशींना वाढायला सांगणारं हार्मोन एका सुईत त्यांचे पाय बांधतं, यात विसंगती वाटेल. जीवशास्त्रात मात्रा आणि वेळ बदलली की अर्थ बदलतो. हे इंजेक्शन अजून नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही.

गरोदरपणात निदान झालंच, तर गर्भ पाडून आईचं आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. शस्त्रक्रिया कुठल्याही महिन्यात होऊ शकते. पहिले तीन महिने केमोथेरपी टाळतात, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात; चौथ्या महिन्यापासून ठरावीक औषधं देता येतात. रेडिएशन बाळंतपणानंतर. आमाँ यांच्याच गटाने २०१५ मध्ये, आईला गरोदरपणात कर्करोग झाला अशा १२९ मुलांची तपासणी मांडली. पोटात असताना केमो मिळालेल्या मुलांची बुद्धी, हृदय आणि वाढ इतर मुलांसारखीच होती. वेळेआधी जन्मलेल्यांना मात्र त्याचा थोडा फटका बसलेला दिसला. म्हणून आता घाईने लवकर बाळंत करण्यापेक्षा दिवस भरू देण्याकडे कल आहे.

हे सगळं महाड-पोलादपूरला आणून ठेवलं, की एक फट दिसते. गरोदर बाईकडे यंत्रणेचं बारीक लक्ष असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचा दिवस असतो. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते आणि नंतर बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं होईल तेव्हा. उमरठला असो की कापड्याला, उंबऱ्यापर्यंत पोचणारी आरोग्यसेवा हीच. पण या पुढच्या भेटींचा भर बाळावर असतो. स्तनांची सरकारी तपासणी तिशी ओलांडल्यावर सुरू होते. टाटाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर जी प्रसिद्ध चाचणी केली, तिच्यातही वय ३५ ते ६४ असं होतं. प्रशिक्षित सेविकेच्या नुसत्या हाताच्या तपासणीने गाठी लवकर सापडतात, हे तिने दाखवलं आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. चोवीस-पंचवीस वर्षांची बाळंतीण मात्र या सगळ्या जाळ्यांतून निसटते. त्यात पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, कागद माहेरच्या केंद्रात आणि बाई दोन महिन्यांनी सासरी. नवरा मुंबईत. पंधराव्या महिन्याच्या भेटीत ‘छातीत गाठ लागते का?’ एवढा एक प्रश्न वाढवायला पैसा लागत नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांतच अनेक घरांत अंगावरचं तुटतं.

दुधाची गाठ बाळाने पिऊन झाल्यावर मऊ पडते, जागा बदलते, आठवड्याभरात विरते. ताप, लाली आणि ठणका असेल तर बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि तो औषधाने उतरायला हवा. पिऊन झाल्यावरही तशीच राहणारी, न दुखणारी, दोन आठवडे टिकलेली गाठ सोनोग्राफीपर्यंत गेलीच पाहिजे, मग बाई गरोदर असो की पाजणारी. सोनोग्राफीने बाळाला काही होत नाही. संशय राहिला तर सुईने तुकडा काढतात. त्यासाठी उत्तरेला परळ किंवा खारघर आहे, दक्षिणेला कशेडी ओलांडून चिपळूणजवळचं डेरवणचं वालावलकर रुग्णालय. तुकडा तपासायला पाठवताना एक गोष्ट हटकून राहते. दूध तयार करणाऱ्या निरोगी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या केंद्रकाच्या, विस्कळीत दिसतात आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही कर्करोगाचा चकवा देऊ शकतात. म्हणून सोबतच्या फॉर्मवर बाई कितव्या महिन्याची गरोदर आहे, किंवा किती महिन्यांच्या बाळाला पाजते आहे, हे ठळक लिहून द्यावं लागतं. डॉक्टर विसरले, तर बरोबर आलेल्या नणंदेने किंवा सासूबाईंनी तिथेच आठवण करावी.